नवीन रॅम बसवली आणि डिस्प्लेच येईना: काय तपासायचे, कोणत्या क्रमाने

"रॅम वाढवली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की पुढे विचारायचे प्रश्न आता तोंडपाठ झाले आहेत. नात्यात, ओळखीत, कामाच्या ठिकाणी कुणी डेस्कटॉपमध्ये रॅम टाकली आणि अडले की फोन येतो. फोन करणाऱ्याने बहुतेक वेळा ठरवूनच टाकलेले असते की रॅम खराब निघाली. खरोखर खराब रॅम मला फार थोड्या वेळा सापडली. बहुतेकदा रॅमची पट्टी पूर्ण बसलेली नसते, चुकीच्या स्लॉटमध्ये (पट्टी बसवायच्या खोबणीत) असते, नाहीतर त्या मदरबोर्डाला (पुढे नुसते 'बोर्ड') चालणारीच नसते. चांगली रॅम परत पाठवायची, दुसरी मागवायची आणि तीही तशीच अर्धवट बसवायची, हे होताना मी पाहिले आहे. तुमचा तेवढा त्रास वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

आधी लक्षणे

तुमच्याकडे नेमके काय होते आहे ते ठरवा, कारण पुढे कुठून सुरुवात करायची हे त्यावर अवलंबून आहे.

१. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. लांब बीप वाजत राहतात, किंवा बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा लागून राहतो.

२. कॉम्प्युटर सुरू होतो, दोन-चार सेकंदांत बंद पडतो, आपोआप पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद.

३. सुरू होतो, विंडोज येते, पण नवी रॅम मोजलीच जात नाही. आठ आणि आठ मिळून आठच.

४. १६ जीबी दिसते, पण शेजारी '७.९ जीबी वापरण्याजोगी' अशा अर्थाचा मजकूर येतो.

५. क्षमता बरोबर, वेग कमी. घेतली ३२००ची, दिसते २१३३ किंवा २६६६.

६. सगळे व्यवस्थित, आणि दोन-तीन दिवसांनी निळी स्क्रीन. ब्राउझरचे टॅब मध्येच कोसळतात, मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येतो.

७. रॅम ठीक, पण हार्ड डिस्क गायब किंवा डिस्प्ले नाही. म्हणजे बिघाड भलत्याच जागी आहे.

पहिली तीन लक्षणे असतील तर खाली दिलेल्या क्रमानेच जा. पट्टीला हात लावण्याआधी चौथ्यासाठी 'विंडोजला रॅम कमी दिसते तेव्हा' हा आणि पाचव्यासाठी बायोसच्या सेटिंगचा भाग वाचा (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारी बोर्डाची स्वतःची प्रणाली). सहावे असेल तर आज महत्त्वाचे कोणतेही काम त्या मशीनवर करू नका. का, ते पुढे सांगतो.

एक वही किंवा कागद जवळ ठेवा. एका वेळी एकच बदल करायचा आणि काय झाले ते लिहायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झाले, तर नेमके कशामुळे झाले ते कळत नाही. पुढच्या महिन्यात तोच बिघाड परत आला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

काहीही उघडण्याआधी थांबून पाहा

सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे वाट पाहणे. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) असलेल्या मशीनमध्ये नवी पट्टी टाकल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटे काळीच राहू शकते. त्या वेळी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर प्रत्येक तारेवरचे संकेत कधी पाठवायचे आणि कधी वाचायचे याची जुळवाजुळव करत असतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एकदा जमले की तो हिशेब साठवला जातो आणि पुढच्या वेळी मशीन पटकन सुरू होते. पण घाबरून मध्येच बटण दाबून बंद केले की सगळे पहिल्यापासून. मी अशा वेळी घड्याळ पाहून दहा-पंधरा मिनिटे थांबतो, विशेषतः चार पट्ट्या असतील किंवा मोठ्या क्षमतेच्या असतील तर. या काळात मशीन एक-दोनदा आपणहून बंद-चालू झाले तरी हात लावू नका.

डीडीआर३ आणि डीडीआर४मध्ये इतका वेळ लागत नाही. तिथे दोन मिनिटांत काही दिसले नाही तर पुढे चला.

थांबलाच आहात तर मॉनिटरची केबलही पाहून घ्या. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावलेली हवी. कॅबिनेट परत जागेवर ठेवताना घाईत ती बोर्डावरच्या पोर्टला लावली जाते आणि दोष रॅमवर येतो.

वीज पूर्ण काढा

कॉम्प्युटर बंद केला म्हणजे बोर्डावरची वीज गेली असे होत नाही. प्लग लावलेला असेपर्यंत एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बोर्डाला पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतच असतो. त्या अवस्थेत पट्टी काढली किंवा घातली तर पट्टी किंवा स्लॉट कायमचा जाऊ शकतो. म्हणून विंडोज बंद करायची, एसएमपीएसच्या मागचे बटण बंद करायचे, केबल ओढून काढायची आणि मग कॅबिनेटचे पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरायचे, म्हणजे उरलेला भार निघून जातो. बोर्डावर एखादा दिवा असेल तर तो पूर्ण विझेपर्यंत थांबा.

विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर नेहमीचे 'शट डाउन' पूर्ण बंद करत नाही. प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. रॅम बदलण्याआधी शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे ती खरोखर बंद होते.

अंगावरची स्थिर वीज घालवायला पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. पट्टी कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका.

पट्टी खरोखर बसली आहे का

हा भाग बरेच जण वाचतच नाहीत, कारण आपण ती दाबून बसवली हे त्यांना पक्के आठवत असते. माझी विनंती आहे, वाचा. माझ्याकडे आलेल्या अडचणी सगळ्यात जास्त वेळा इथेच सुटल्या आहेत.

एका मैत्रिणीने फोनवर सांगितले की तीनदा काढून बसवली, खटकाही लागला, तरी डिस्प्ले नाही. मी जाऊन पाहिले. तिच्या बोर्डावर स्लॉटच्या एकाच टोकाला खटका होता, दुसरे टोक नुसतीच खाच असलेले, न हलणारे. खटक्याच्या बाजूने पट्टी आत गेली होती आणि 'टक' असा आवाजही झाला होता. दुसरे टोक मात्र ग्राफिक्स कार्डाच्या आड होते. तिथे टॉर्च तिरकी धरली तेव्हा दिसले की पट्टीच्या कडेची सोनेरी रेघ त्या टोकाला स्लॉटच्या वर आलेली आहे, जेमतेम नखाच्या जाडीएवढी. खटक्याच्या टोकाला ती दिसतच नव्हती. कार्ड काढले, कॅबिनेट आडवे केले, त्या टोकावर अंगठा ठेवून सरळ खाली दाबले. दुसरा, जरा दबका आवाज आला. मशीन पहिल्याच वेळी सुरू झाले. ती पट्टी दुसऱ्या दिवशी परत जाणार होती, पाकीटही बांधून तयार होते.

डीडीआर४ आणि डीडीआर५च्या पट्टीला २८८ पिना असतात, डीडीआर३ला २४०. त्यांतल्या मोजक्या जरी टेकल्या नाहीत तरी बोर्ड ती पट्टी नाकारू शकतो, किंवा त्याहून वाईट, कधी घेतो आणि कधी घेत नाही. शिवाय डीडीआर४च्या पट्टीची खालची कड मध्यभागी किंचित खाली आलेली असते, म्हणजे सगळ्या पिना एकदम घुसत नाहीत आणि दाबायला जोर कमी लागतो. मध्यभाग बसला की पट्टी बसल्यासारखी वाटते, आणि टोके वरच राहतात.

तर असे करा. कॅबिनेट आडवे ठेवा. उभ्या कॅबिनेटमध्ये जोर तिरका पडतो. खटके पूर्ण उघडा. पट्टी काढून स्लॉटमध्ये धूळ असेल तर फुंकणीने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण आत जातात. पट्टीवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आणा. ही खाच बरोबर मध्यावर नसते, त्यामुळे उलटी पट्टी बसतच नाही, आणि बसत नसताना जोर लावला तर स्लॉट तुटतो. खाच जुळली की दोन्ही टोकांवर दोन अंगठे ठेवून आधी एक बाजू, मग दुसरी, सरळ खाली. पहिल्यांदाच बसवणाऱ्याला लागणारा जोर भीतिदायक वाटतो. बोर्ड किंचित वाकल्यासारखा दिसतो. तेवढे चालते. शेवटी टॉर्चने दोन्ही टोके पाहा. पट्टी स्लॉटला समांतर दिसायला हवी, आणि सोनेरी भाग दिसलाच तर दोन्हीकडे सारखा.

पट्टी काढलीच आहे तर पिनाही पाहा. बोटांचे ठसे किंवा काळपट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलके पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबराने घासण्याची पद्धत सगळीकडे आहे, त्याने काम होतेही. पण रबराचा चुरा पिनांच्या मधे राहतो आणि सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. वर्षानुवर्षे वापरलेल्या जुन्या पट्टीवर, अल्कोहोल मिळालेच नाही तर, मऊ पांढऱ्या रबराने एखाद-दोनदा पुसणे मी समजू शकतो. नव्याकोऱ्या पट्टीवर रबर फिरवू नका.

झाकण लावण्याआधी आजूबाजूला नजर टाका. तुमचा हात रॅमपर्यंत जाताना हार्ड डिस्कची साटा केबल, बोर्डाचा २४ पिनांचा जोड आणि ग्राफिक्स कार्ड यांना लागलेला असतो. सातवे लक्षण बहुतेक यातूनच येते. हे तिन्ही जोड हाताने दाबून पाहा.

जुनी एकटी, मग नवी एकटी

आता नवी पट्टी बाहेर काढा आणि फक्त जुनी, आधी होती त्याच स्लॉटमध्ये, लावून मशीन सुरू करा. सुरू झाले तर बोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस सगळे शाबूत आहे, आणि जीव भांड्यात पडतो. मग पुन्हा वीज काढून त्याच स्लॉटमध्ये फक्त नवी लावा.

नवीसुद्धा एकटी चालली तर दोन्ही पट्ट्या चांगल्या आहेत, अडचण दोघींच्या जोडीत किंवा दुसऱ्या स्लॉटमध्ये आहे. चालणारी पट्टी एकेका स्लॉटमध्ये फिरवून पाहा. बिघाड पट्टीबरोबर फिरतो की स्लॉटपाशी थांबतो, एवढाच प्रश्न आहे. तो कागदावर लिहा: कोणती पट्टी, कोणता स्लॉट, काय झाले. चार-पाच ओळींत चित्र स्पष्ट होते.

जुनी एकटी लावूनही डिस्प्ले आला नाही, तर 'बायोसची सेटिंग' या भागातल्या सीमॉस रीसेटकडे (बोर्डाने साठवलेली सेटिंग पुसण्याकडे) जा. तरीही नाही आला तर आणखी काही उघडू नका, शेवटचा भाग वाचा.

स्लॉट कोणते

चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूने मोजले तर सहसा ए१, ए२, बी१, बी२ असा क्रम असतो. दोन पट्ट्या असतील तर दुसरा आणि चौथा, म्हणजे ए२ आणि बी२ वापरायचे. एकच असेल तर ए२. तुमच्या बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये वेगळे लिहिले असेल तर मॅन्युअलचे ऐका.

हा नियम का, हे समजले की तो लक्षात राहतो. ए१ आणि ए२ एकाच चॅनेलच्या (रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या एका स्वतंत्र रस्त्याच्या) तारांवर आहेत, आणि ए२ त्या तारांच्या टोकाला आहे. पट्टी ए१मध्ये लावून ए२ रिकामा ठेवला तर पुढे तारेचा मोकळा तुकडा उरतो. वेगवान संकेत त्या मोकळ्या टोकावर आदळून परत फिरतात आणि खऱ्या संकेतात मिसळतात. कमी वेगाला हे खपून जाते, जास्त वेगाला मशीन अडते. दोन्ही पट्ट्या ए१ आणि ए२मध्ये लावल्या तर मशीन बहुधा सुरू होईल, पण एकाच चॅनेलवर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधला रस्ता अर्धाच वापरला जाईल. दोन वेगवेगळ्या क्षमतेच्या पट्ट्या, समजा चार आणि आठ जीबी, वेगवेगळ्या चॅनेलवर लावल्या तरी सहसा चालतात.

ती रॅम त्या बोर्डाची आहे का

पट्टीवरचे लेबल आणि बोर्डाचे मॉडेल समोर घेऊन बसा. पिढी चुकली तर प्रश्न लगेच मिटतो, कारण डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांची खाच वेगळ्या जागी असते आणि एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी त्या अदलाबदल होत नाहीत. त्रास देतात त्या बसणाऱ्या पण न चालणाऱ्या पट्ट्या.

यातली पहिली म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. जुन्या सर्व्हरमधून निघालेली डीडीआर३ किंवा डीडीआर४ची पट्टी साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये आरामात बसते, लांबीही तीच, पण साध्या बोर्डावर चालत नाही. लेबलावर 'आरडीआयएमएम' किंवा 'रजिस्टर्ड' असे असते, किंवा वेगाच्या आकड्यानंतर 'आर' हे अक्षर असते. डीडीआर५मध्ये खाचच वेगळी केल्यामुळे ही चूक आता हाताने होत नाही.

दुसरी, 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकली जाणारी स्वस्त डीडीआर३ची पट्टी. तिच्यातल्या चिपची रचना वेगळी असते आणि इंटेलचे बोर्ड ती ओळखत नाहीत. पट्टी खराब नसते, ती त्या बोर्डासाठी नसतेच. अशी पट्टी घेऊन महिनाभर बोर्डाला दोष देणारे भेटले आहेत.

तिसरी गोष्ट मर्यादेची. बोर्ड एकूण किती आणि एका स्लॉटमध्ये किती घेतो, हे दोन वेगळे आकडे आहेत. एच६१ चिपसेटचा दोन स्लॉटचा बोर्ड जास्तीत जास्त १६ जीबी घेतो, प्रत्येकी आठ. त्यात १६ जीबीची एकच पट्टी लावली म्हणून बेरीज जुळली, असे होत नाही. डीडीआर५च्या २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्यांना बऱ्याच बोर्डांवर नवे बायोस लागते. बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर तपासलेल्या रॅमची यादी असते. यादीत नसलेली रॅम चालणारच नाही असे नाही, पण यादीत असलेली चालत नसेल तर शंका दुसरीकडे वळवता येते.

जुनी आणि नवी पट्टी वेगळ्या वेगाची असेल तर दोन्ही कमी वेगावर चालतात. ते योग्यच आहे, बिघाड समजू नका.

बायोसची सेटिंग

एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर ते बंद करून पाहा. हे प्रोफाइल म्हणजे पट्टी बनवणाऱ्याने नोंदवलेला जास्तीचा वेग असतो. डीडीआर४ची नेहमीची गरज १.२ व्होल्ट, एक्सएमपीवर ती बहुतेक १.३५ होते. जुन्या पट्टीला जमणारा वेग नव्या जोडीला जमेलच असे नाही. दोनाच्या चार पट्ट्या केल्या तर नक्की ताण पडतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२००, आणि चारांना ३६००. चार पट्ट्या लावून ६०००चा हट्ट धरला आणि मशीन अडखळले, तर रॅमचा काही दोष नाही.

डिस्प्लेच येत नसेल तर बायोसमध्ये जाता येणार नाही, मग सीमॉस रीसेट करावे लागते. प्लग काढून बोर्डावरचा जंपर मॅन्युअलप्रमाणे काही सेकंद जोडायचा, किंवा बोर्डावरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काढून पाच-दहा मिनिटे थांबायचे. याने आधीच्या रॅमसाठी साठवलेला हिशेब पुसला जातो आणि बोर्ड नव्याने मोजायला लागतो.

त्याआधी एक इशारा, आणि हा मनापासून देतो. विंडोजची डिस्क बिटलॉकरने किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'ने (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयींनी) कुलूपबंद असेल तर बायोस बदलल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. दुसऱ्या यंत्रावरून खाते उघडून की दिसते आहे याची खात्री करा, लिहून घ्या, आणि मगच बायोसला हात लावा. रॅम वाढवायला बसलेल्या माणसाला स्वतःच्याच फायली उघडता येऊ नयेत, यासारखे वाईट काही नाही.

वेग कमी दिसत असेल, म्हणजे पाचवे लक्षण, तर उलट एक्सएमपी चालू करून पाहायचे. त्यापूर्वी प्रोसेसरची मर्यादा बघा. इंटेलच्या दहाव्या पिढीच्या आय३ आणि आय५ची अधिकृत मर्यादा २६६६ आहे, आणि एच४१० किंवा बी४६० बोर्डावर ती ओलांडता येत नाही. ३२००ची रॅम तिथे २६६६वरच चालणार. आणखी एक गोंधळ: सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर ३२००च्या रॅमला १६०० दाखवते. तिथे घड्याळाचे ठोके मोजलेले असतात आणि डीडीआर दर ठोक्याला दोनदा डेटा पाठवते. रॅम अर्धी चाललेली नसते.

विंडोजला रॅम कमी दिसते तेव्हा

आधी बायोसमध्ये पाहा. तिथे पूर्ण आकडा असेल तर पट्टी आणि स्लॉट ठीक आहेत, सेटिंग तपासायची.

३२ बिटची विंडोज चार जीबीपलीकडे जात नाही, प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपासच देते. विंडोज ७च्या ६४ बिटच्या होम बेसिकला आठ आणि होम प्रीमियमला १६ जीबीची मर्यादा आहे. यातले काही नसेल तर विंडोजमधले 'एमएसकॉन्फिग' उघडा, 'बूट'मध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा. 'मॅक्सिमम मेमरी'पुढे खूण असेल तर काढा आणि रीस्टार्ट करा. ती खूण कुणीतरी जास्त वेग मिळेल या समजुतीने केलेली असते. अर्धा-एक जीबी कमी दिसत असेल तर तो प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने घेतलेला आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. बरोबर निम्मी रॅम 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' दिसत असेल आणि बायोसमध्येही निम्मीच असेल तर मात्र परत पट्टी आणि स्लॉटकडे वळा.

रॅम वाढवल्यावर सी ड्राइव्हची जागा कमी झालेली दिसली तर घाबरू नका. हायबरनेशनची फाइल रॅमच्या प्रमाणात मोठी होते.

मशीन चालते, पण विश्वास ठेवता येत नाही

सहाव्या लक्षणाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. सुरूच न होणारे मशीन निदान प्रामाणिक असते. अधूनमधून चुकणारी रॅम मात्र गुपचूप नुकसान करते. डिस्कवरून डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल वाटेत रॅममधून जाते, आणि तिथे एक बिट उलटला तर तो तसाच जतन होतो. एका नातेवाइकांनी रॅम वाढवली त्याच आठवड्यात जुन्या हार्ड डिस्कवरचे सगळे फोटो नव्या डिस्कवर घेतले आणि जुनी डिस्क पुसली. निळी स्क्रीन त्यांना दोनदा आली होती, त्यांनी दुर्लक्ष केले. काही फोटो अर्ध्यापासून खाली करड्या पट्ट्यांचे झाले होते. ते परत आणता आले नाहीत.

म्हणून निळ्या स्क्रीनवर 'मेमरी मॅनेजमेंट' किंवा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' असे काही वाचलेत, तर फायली हलवणे, बॅकअपवर बॅकअप घेणे, विंडोज नव्याने टाकणे, सगळे थांबवा. आधी रॅम तपासा. विंडोजमधले 'मेमरी डायग्नोस्टिक' सोपे आहे, त्यापासून सुरुवात करा. त्यात काही सापडले नाही म्हणून रॅम चांगली ठरत नाही. पेनड्राइव्हवरून चालणारे मोफत 'मेमटेस्ट८६+' रात्रभर लावून ठेवा, किमान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. चुकांचा आकडा शून्यच हवा. लाखो तपासण्यांत एकच चूक आली तरी ती रॅम तशी वापरायची नाही.

चूक आली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा लावा. आता शून्य आले तर पट्टी चांगली आहे, तो वेग तिला किंवा कंट्रोलरला झेपत नाही. तरीही चूक येत असेल तर एकेक पट्टी एकटी तपासा. एकच पट्टी दोन वेगळ्या स्लॉटमध्ये चुकली तर ती खराब आहे, वॉरंटीत परत द्या. चुकांचा फोटो काढून ठेवा, मागतील. दोन पट्ट्यांचा जोड घेतला असेल तर दोन्ही परत द्याव्या लागतात, एकटी पट्टी सहसा बदलून मिळत नाही.

कुठे थांबायचे

बायोसचे नवे संस्करण टाकणे हे मी घरी करतो, पण रॅम अस्थिर असताना कधीच नाही. अपडेटच्या मध्ये मशीन अडकले तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आधी एका खात्रीच्या पट्टीवर मशीन स्थिर करा. तेवढेही जमत नसेल तर ते काम तंत्रज्ञाकडे द्या.

एका चॅनेलचे दोन्ही स्लॉट प्रत्येक पट्टीला नाकारत असतील तर बिघाड बहुधा प्रोसेसर आणि सॉकेट (तो बोर्डावर बसतो ती जागा) यांच्यामध्ये आहे. मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आतच असतो, आणि सॉकेटमधली एक वाकडी पिनसुद्धा पूर्ण चॅनेल बंद पाडते. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला तरी असे होते. कूलरचे स्क्रू समान आवळून पाहणे इथपर्यंत ठीक. सॉकेटमधल्या पिना केसाएवढ्या असतात, त्या भिंगाखाली, सवयीच्या हातानेच सरळ करायच्या. सुईने प्रयत्न करू नका. एका वाकड्या पिनेच्या चार झालेल्या मी पाहिल्या आहेत.

जळका वास आला, स्लॉटचे प्लास्टिक वितळलेले किंवा तडकलेले दिसले, पट्टीवर काळा डाग आला, तर प्लग काढा आणि पुन्हा लावू नका. 'एकदा लावून पाहू' म्हणत दुसरी चांगली पट्टी त्या स्लॉटमध्ये घालू नका, तीही जाईल. एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा भार राहतो.

आणि जुनी पट्टी एकटी, आधीच्याच स्लॉटमध्ये, सीमॉस रीसेट केल्यावरही डिस्प्ले देत नसेल तर तुमच्या हातातले उपाय संपले. तंत्रज्ञाकडे जाताना जुनी आणि नवी दोन्ही पट्ट्या, बोर्डाचे मॉडेल आणि तुम्ही लिहिलेला कागद घेऊन जा. कोणती पट्टी कोणत्या स्लॉटमध्ये काय करत होती हे त्याला पहिल्याच मिनिटात कळले, तर तो थेट सॉकेटपासून सुरुवात करू शकतो.